रंगाचा रविवार

शालन शेडगे साठीला टेकली, तरी तिच्या डोक्यावर पांढरा केस कुणी पाहिला नव्हता. यात शालनची काही कर्तबगारी नव्हती. कर्तबगारी होती तिच्या सासूची. कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की महिन्यातला एक रविवार शेडग्यांच्या घरात रंगाचा असतो आणि त्या दिवशी दुपारी शालनला हाक मारून उपयोग नसतो.

सासूचं नाव येसूबाई. वय पंच्याऐंशीच्या पुढे. किती पुढे ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं आणि विचारलं तर राग यायचा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं केव्हाच राजीनामा दिलेला. गुडघे गेले होते, कान मात्र असे, की मागच्या दारी मांजर फिरलं तरी पुढच्या पडवीत कळावं. घरातलं एकेक काम हातातून सुटत गेलं. आधी शेत, मग गोठा, मग चूल, मग तांदूळ निवडणंसुद्धा, कारण खडे तांदळात राहायचे आणि तांदूळ खड्यांबरोबर बाहेर जायचे. शेवटी एकच काम राहिलं होतं. सुनेचे केस रंगवणं.

ते काम मात्र त्या असं करायच्या, की बघत राहावं. परसदारी बाज टाकलेली. बाजेच्या काठावर येसूबाई, त्यांच्या पुढ्यात पाटावर शालन, तिच्या खांद्यावर जुन्या लुगड्याचं फडकं. वाटीत कालवलेला रंग आणि दात झिजलेला ब्रश. डोळ्यांनी दिसत नसे, तेव्हा काम बोटांवर चालायचं. पांढरा केस हाताला राठ लागतो म्हणायच्या, आणि खरंच एकेक बट चाचपून नेमक्या जागी ब्रश टेकवायच्या. कधीमधी कान रंगायचा, एकदा तर मानेवर बोटभर काळा पट्टा ओढला गेला आणि शालन आठवडाभर पदर घट्ट गुंडाळून फिरली. पण काम अर्धवट म्हणून नाही. गावातल्या इतर बायका पदराबाहेर दिसतील तेवढेच दोन बोटं केस रंगवायच्या. पदराखालचं कोण बघतंय, असा त्यांचा हिशेब. येसूबाईंना ही लबाडी खपत नसे.

"पदराखाली द्येव बघत न्हाई व्हय?" त्या म्हणायच्या आणि मानेपर्यंत रंगवत जायच्या.

आता कुणाला वाटेल, काय जीव होता सासूसुनेचा! तर तसं काही नव्हतं. निदान पहिली वीस वर्षं तरी नव्हतं. येसूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला की गोठ्यातली गाय खाणं सोडून बघायची. शालन या घरात आली ती खाली मान घालून आणि तशीच राबत राहिली. भाकरी जाड झाली म्हणून बोलणं, पातळ झाली म्हणून बोलणं. शालन सासूला आत्या म्हणायची, तिकडच्या सगळ्या सुना म्हणतात तशी, पण त्या हाकेत 'आले, आले' याखेरीज काही नसे. वीस वर्षांत सासूचा हात तिच्या अंगाला लागला असेल तो नैवेद्याचं ताट घेता देताना, तोही चुकून.

मग मोठ्या लेकीचं, सविताचं, लग्न ठरलं. शालन तेव्हा चाळिशीत होती आणि कपाळावरच्या केसांत पांढरं डोकावू लागलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आरशासमोर रंगाची वाटी घेऊन एकटीच झटापट करत होती, तोवर येसूबाई मागून आल्या.

"आण हिकडं," त्या खेकसल्या. "मांडवात व्याह्यांम्होरं अशी चितरी हुन जाणार व्हय? मी हाय तवर तू सून. सून पांढरी चांगली दिसत न्हाई."

शालन घाबरत पुढ्यात बसली. केसांना हिसडा बसणार म्हणून तिनं मान आखडून घेतली होती. हिसडा बसलाच नाही. ज्या हातानं आयुष्यभर भांडी आपटली, तो हात तिच्या डोक्यावरून असा हळू फिरला, की शालनला कळेना हा हात कुणाचा. तिचे डोळे भरून आले. बरं होतं, तोंड पलीकडे होतं.

तेव्हापासून हे चालू झालं. आणि त्यात एक गंमत झाली. दोघींची तोंडं एकाच दिशेला, समोर आंब्याचं झाड आणि पलीकडे भाताची खाचरं. एकमेकींचे चेहरे दिसायचे नाहीत, म्हणून असेल, पण येसूबाई बोलायला लागल्या. जन्मून चार दिवसांत गेलेल्या पहिल्या लेकराचं बोलल्या. भाताच्या आवणीला चिखलात वाकल्या असताना कळा सुरू झाल्या, ते बोलल्या. नवऱ्यानं एकदा सगळ्यांदेखत हात उगारला होता, ते बोलल्या. शालनही बोलू लागली. एरवी दोघी चहा घ्या, गोळी घ्या यापलीकडे जायच्या नाहीत, आणि रंगाच्या रविवारी मात्र रंग वाळला तरी उठायच्या नाहीत. शालनचा नवरा दत्तोबा, ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर रंगवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, दारातून डोकावून म्हणायचा, "आटपलं का न्हाई? का आज घरावर बी एक हात मारताय?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि गेल्या वर्षी शालनच्या डोक्याला खाज सुटली.

आधी तिनं अंगावर काढलं. मग कानामागे पुरळ आलं, पाणी सुटलं, रात्री उशीला डोकं टेकवेना. शालनची स्वतःची सून अनिता तिला धरून तळेगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी बॅटरी मारून डोकं पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, हा रंग तुम्हाला मानवत नाही. आजपासून बंद. पुढच्या वेळी नुसती खाज येऊन थांबणार नाही, तोंड सुजेल, श्वासालाही त्रास होईल."

अनिताला तर आनंद झाला. ती लोणावळ्याला एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर होती, तिला जगातलं सगळं दिसायचं. परतीच्या लोकलमध्ये ती सासूला पटवत राहिली.

"आई, आमच्याकडे पुण्यामुंबईच्या बायका येतात ना, तुमच्याच वयाच्या, सगळे पांढरे केस मोकळे सोडून. कसल्या भारी दिसतात!"

"त्या भारी दिसणारच," शालन म्हणाली. "त्यांना कुटं परत जाऊन शेण काढायचंय."

अनिताला वाटलं, सासूबाईंना म्हातारं दिसायची भीती वाटते. गावातही तसंच वाटलं असतं. पण शालनला केसांचं काडीचं पडलेलं नव्हतं. पांढरे झाले तर झाले. म्हशीला काय फरक पडतो? तिचं घोडं अडलं होतं ते भलतीकडेच. रंग बंद म्हणजे रविवार बंद. रविवार बंद म्हणजे तो हात बंद. हे सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं? साठ वर्षांच्या बाईनं म्हणायचं, की मला सासूच्या पुढ्यात बसायला पाहिजे? लोक हसले असते. आणि येसूबाईंना सांगावं, तर त्यांच्या हातातलं शेवटचं काम काढून घेतल्यासारखं होणार. शालननं अनिताला बजावलं, "घरात बोलू नगंस. मी बघते काय ते." अनिताला वाटलं, बंद करणार असतील. ती गप्प राहिली.

शालननं बंद केलं नाही. पुढचे दोन रंगाचे रविवार ती बसली. डोकं पेटल्यासारखं व्हायचं, दात आवळून बसायची, आणि येसूबाई मागून विचारायच्या, "आज बोलत का न्हाईस गं?" मग ती काहीतरी बोलायची. धुताना पाणी लागलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे.

शेवटी तिला एक युक्ती सुचली. कामशेतच्या बाजारात एका टपरीवर काळ्या मेंदीच्या पुड्या लटकत होत्या. पुडीवर हिरवीगार पानं छापलेली. शालननं पुडी उलटीपालटी करून पाहिली. मेंदी म्हणजे पाला. पाल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का? लग्नात हातापायांना थापतोच की. डॉक्टरीणबाईंनी रंग बंद करायला सांगितला होता, मेंदी नव्हे. जीव भांड्यात पडला तिचा. घरी येताना बसमध्ये ती गालातल्या गालात हसत होती.

त्या रविवारी येसूबाईंनी वाटी नाकाजवळ नेली आणि थबकल्या.

"ही येगळी पुडी म्हनतीस. वास तर त्योच हाय."

"तुमाला काय कळतंय आत्या. पाल्याची हाय ही. लावा तुमी."

येसूबाईंनी लावली. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या. आपल्या लहानपणच्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगत होत्या, जी लग्नाच्या दिवशी बैलगाडीतून उडी टाकून पळाली होती आणि दोन दिवस करवंदाच्या जाळीत लपली होती. दोघी हसून हसून वाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनचे डोळे उघडेनात. तोंड सुजून एवढं झालं, की दत्तोबानं बायकोकडे पाहिलं आणि हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. कान लाल, मानेवर फोड, घशात घरघर. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला तळेगावला नेलं. सुया टोचल्या, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी पुडीबद्दल ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, वर पानांचं चित्र असतं. आत काळा रंग तोच टाकलेला असतो. खरी मेंदी काळ्या रंगाची असते का कधी?"

शालनचे डोळे मिटलेलेच होते.

ती घरी आली, तेव्हा येसूबाई पडवीत वाट बघत बसल्या होत्या. हात पुढे करून म्हणाल्या, "काय झालतं गं तुला? कुनी काय सांगंना मला." शालन काही बोलायच्या आत अनिताचा दोन दिवसांचा राग बाहेर पडला. पोर मनानं चांगली, पण जिभेला लगाम नाही.

"रंगानं झालं, आजी! दुसरं कशानं होणार? डॉक्टरांनी कधीच बंद करायला सांगितलं होतं. आईंनी ऐकलं नाही. आज घशापर्यंत आलं होतं, उद्या जीव गेला असता!"

येसूबाईंनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि पदराखाली नेला. मग उठल्या, भिंत धरत मागल्या दारी गेल्या. थोड्या वेळानं शालननं पाहिलं, तर त्या चुलीतली राख घेऊन नखं घासत होत्या. नखांच्या कडेला रंग बसला होता, तो दिसत नव्हताच त्यांना, पण घासत होत्या.

"माज्या हातानं सुनंला इख लावलं मी," त्या स्वतःशी म्हणाल्या.

"तुमचा काय दोष आत्या? मीच..."

"माज्याजवळ यिऊ नगंस."

आणि खरंच त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. चहा अनिताच्या हातून घ्यायच्या, गोळी दत्तोबाच्या. शालन शेजारून गेली, की हात पदरात. बोलणं नाही, चिडणं नाही. शालनला वाटलं, पहिल्यासारखं ओरडल्या तरी चाललं असतं. भाकरी जाड झाली म्हणाल्या असत्या, तर तिनं ते आनंदानं ऐकून घेतलं असतं. पण येसूबाई मुकाट जेवून बाजेवर जाऊन बसायच्या.

इकडे शालनच्या भांगात पांढरं उगवून आलं. आधी बोटभर, मग दोन बोटं. वर पांढरं, खाली काळं, असा सगळा दुरंगी कारभार. गिरणीत धोंडाबाई म्हणाली, "अगं बया, मी वळखलंच न्हाई. एकदम म्हातारी झालीस की!" दुसरी म्हणाली, "टोकं काप बाई, न्हाईतर रंग लाव." शालननं दोघींचं ऐकून घेतलं, पिठाचा डबा डोक्यावर ठेवला आणि घरी आली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला वाटत होतं ते वेगळंच. ज्या गोष्टीसाठी तिनं डोकं भाजून घेतलं, खोटं बोलली, ती गोष्ट तिनं स्वतःच्याच युक्तीनं घालवली होती. वर त्या म्हाताऱ्या जिवाला आयुष्याच्या शेवटी एक ओझं दिलं होतं. लपवलं नसतं, तर निदान येसूबाईंच्या हाताला हा डाग लागला नसता. रात्रंदिवस तिच्या मनात हेच घोळायचं. टपरीवर पुन्हा जाऊन एखादी तिसरी पुडी बघावी, असाही वेडा विचार एकदा तिच्या मनात येऊन गेला. त्याची तिची तिलाच भीती वाटली.

भातकापणी उरकली. खाचरं मोकळी झाली. एका रविवारी दुपारी दत्तोबा मळणीचं यंत्र बघायला गेला होता, अनिता कामावर. येसूबाई परसदारी बाजेवर उन्हाला बसल्या होत्या. शालन भांडी घासून उठली. हात पुसले. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं कोपऱ्यातला पाट उचलला, नेहमीच्या जागी टाकला आणि सासूकडे पाठ करून बसली.

पाटाचा आवाज येसूबाईंनी बरोबर ओळखला. त्या दचकल्या.

"का बसलीस? रंग न्हाई लावायचा आता."

"म्हाईत हाय."

"मग ऊठ."

शालन उठली नाही. समोर आंब्याचं झाड होतं, पलीकडे कापलेल्या भाताचे बुडखे. चेहरा दिसत नव्हता, म्हणून तिला धीर आला.

"आत्या, माजी आई मी तीन वर्साची आसताना गेली. मामीनं वाढवलं. मामीला तिची पाच पोरं. माजं केस इंचरायला तिला येळ कुटनं मिळनार? तिनं कातरी घेऊन माजं केस पार बारीक करून टाकलं. दर म्हैन्याला. लगीन ठरस्तवर."

मागे बाज एकदा करकरली.

"माज्या डोक्यावरनं पयला हात फिरला त्यो सविताच्या लग्नात. तुमचा. मला केस काळं नगं व्हतं आत्या, कदीच. त्यो हात बंद हुईल म्हनून मी डॉक्टरचं सांगितलं न्हाई. ती मेंदी बी त्याच्यासाठीच आनली. तुमचा काय बी दोष न्हाई. मी लोभी झालते."

एवढं बोलून तिला धाप लागली. इतकं एकदम ती जन्मात कधी बोलली नव्हती. मागून येसूबाईंचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता.

"तू आलीस तवा येवढीशी येनी व्हती तुजी. वरनं गंगावन जोडलेलं. मी चार बायकांत म्हनले, पोरीला केस बी न्हाईत धड." त्या थांबल्या. "तू कदी बोलली न्हाईस."

"काय बोलायचं?"

"मला वाटायचं, म्हातारीचा जीव रमावा म्हनून बसतीस तू. हाताला काम आसावं म्हनून."

"न्हाई," शालन म्हणाली. "तुमी रंग लावत व्हता. मी नुसती बसत व्हते."

येसूबाईंनी पदरातून हात बाहेर काढला असावा, बांगड्या वाजल्या. पण हात आला नाही. शालनला तो जवळ आल्यासारखा वाटला आणि तिथंच थांबला.

"दुखंल का गं?"

"न्हाई दुखत आता. बरं झालंय सगळं."

"खरं सांग. लपवू नगंस."

"खरंच न्हाई दुखत, आत्या."

भांगापाशी आधी एक बोट टेकलं, मग बाकीची. येसूबाईंनी नव्यानं उगवलेले केस मुळापासून टोकापर्यंत चाचपले, जिथं राठपण संपून रंगाचे जुने केस लागत होते तिथं थोड्या थांबल्या. शालनचे खांदे हलायला लागले. तिनं तोंडावर पदर धरला, पण त्या कानांपासून काय लपणार? येसूबाईंनी स्वतःचंही नाक एकदा जोरात ओढलं, बाजेवर जराशा पुढे सरकल्या आणि नेहमीच्या आवाजात खेकसल्या,

"सरक मागं. हात पुरंना."